विश्लेषण : घराच्या रक्षणासाठी बंदूक... परवाना कुणाला मिळतो, कोणत्या शस्त्राचा, आणि ती चालवली तर पुढे काय?

अकोल्याच्या जुन्या शहरात १३ मे २०२३ च्या रात्री दंगल उसळली. तेव्हापासून या भागात कुठेही तणाव झाला की एक प्रश्न हमखास निघतो : घरात परवान्याची बंदूक असावी का? परदेशी चित्रफितींत दिसणाऱ्या ‘लिव्हर ॲक्शन’ कार्बाइनपासून बारा बोअरच्या दुनळीपर्यंत अनेक नावे त्या चर्चेत येतात. भारतात यातले नेमके काय मिळते, परवाना कोण देतो, काडतुसे किती बाळगता येतात आणि प्रसंग ओढवलाच तर कायदा घरमालकाच्या बाजूने कुठवर उभा राहतो, याविषयी...

हा प्रश्न जुन्या शहरात का निघतो?

मोर्णा नदीच्या पश्चिमेला असदगड आणि राजराजेश्वर मंदिराच्या परिसरात वसलेले जुने शहर म्हणजे अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेल्या भिंती आणि मिश्र वस्ती. मे २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून वाद पेटला. दगडफेक झाली, वाहने जाळली गेली. एकाचा मृत्यू झाला, पोलिसांसह अनेक जण जखमी झाले. जमावबंदी लागू झाली आणि इंटरनेटही बंद ठेवावे लागले. दारापर्यंत जमाव आला आणि पोलीस वेळेत पोहोचले नाहीत तर काय, ही भीती त्या रात्रीतून उरली. या दंगलीतील एका अल्पवयीन मुलावरील हल्ल्याच्या तक्रारीत पोलिसांनी गुन्हाच नोंदवला नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबर २०२५ रोजी ताशेरे ओढले आणि विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. पथकाच्या रचनेचा वाद पुढे पुन्हा न्यायालयापुढे गेला. थोडक्यात, पोलिसांवरचा विश्वास डळमळला की स्वतःच्या शस्त्राचा विचार बळावतो. तो विचार चूक की बरोबर हे ठरवण्याआधी कायदा समजून घेणे गरजेचे आहे.

बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे आणि २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘हेलर’ खटल्यात घरातील स्वसंरक्षणासाठी हँडगन बाळगण्याचा हक्क मान्य केला. भारतीय राज्यघटनेत तसा हक्क नाही. विनापरवाना शस्त्रांची दखल घेताना फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हाच फरक स्पष्टपणे सांगितला. भारतात शस्त्र ही परवान्यानेच मिळणारी गोष्ट आहे. लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या कायद्याने भारतीयांना नि:शस्त्र ठेवले होते आणि युरोपियनांना सूट होती. तो भेदभाव स्वतंत्र भारताच्या शस्त्र अधिनियम १९५९ ने संपवला, पण परवान्याची अट कायम राहिली. या कायद्यासोबत आज शस्त्र नियम २०१६ आणि २०१९ ची दुरुस्ती लागू आहे.

दोन्ही देशांतील फरक आकड्यांतही दिसतो. अमेरिकेत नागरिकांकडील बंदुकांची संख्या लोकसंख्येपेक्षा जास्त असल्याचा अंदाज आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार डिसेंबर २०१६ अखेर संपूर्ण भारतात ३३.६९ लाख परवाने होते. त्यातील १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात, तर महाराष्ट्रात ८४ हजार ५०.

परवाना कोण देतो आणि त्यासाठी काय लागते?

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, अन्यत्र जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. त्यामुळे अमरावती शहरातील रहिवाशाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो आणि अकोल्यातील रहिवाशाचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. अर्जासोबत ओळख व पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याचे हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. अर्जदारावर गुन्हे आहेत का, शेजाऱ्यांशी वाद आहेत का, धमकी खरोखर आली होती का आणि तिची तक्रार नोंदवली होती का, हे त्यात पाहिले जाते. नियमांनुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि तो मिळाल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात यापेक्षा बराच वेळ जाऊ शकतो. परवान्याची नोंद देशव्यापी प्रणालीत होते आणि परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली, तर एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

‘भीती वाटते’ एवढे कारण पुरते का?

येथे कायद्यातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल किंवा रायफल यांसाठी अर्जदाराला ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. व्यवसाय, नोकरी किंवा अन्य कारणाने जीव वा मालमत्ता धोक्यात असल्याचे पटवून द्यावे लागते. रोकड नेणारा व्यापारी, सराफ किंवा धमकी मिळालेला साक्षीदार यांचे अर्ज म्हणूनच वेगळे ठरतात. मात्र किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे साध्या भाषेत बारा बोअर, स्वसंरक्षण वा खेळासाठी हवी असेल तर कलम १३ ची भाषा नागरिकाला अधिक अनुकूल आहे. पिकाच्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीलाही हीच तरतूद लागू होते. रोही आणि रानडुकरांनी हैराण झालेल्या वऱ्हाडातील शेतकऱ्याला ती परिचित आहे. अर्थात, असा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चे नियम वेगळे आहेत.

सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षेला बाधा येईल असे वाटल्यास कोणताही परवाना नाकारता येतो. दंगलीचा इतिहास असलेल्या भागात हेच कलम निर्णायक ठरते. अर्जदार ज्या तणावाकडे बोट दाखवून बंदूक मागतो, त्याच तणावाकडे बोट दाखवून प्रशासन ती नाकारू शकते. केवळ नावावर मालमत्ता नाही म्हणून मात्र नकार देता येत नाही आणि नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. अकोल्यासाठी ते कार्यालय अमरावतीला आहे.

‘लिव्हर ॲक्शन’ कार्बाइन भारतात मिळते का?

ट्रिगरच्या खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत चढते, ही लिव्हर ॲक्शनची रचना. १८६० च्या हेन्री रायफलपासून आणि पुढे विंचेस्टरच्या १८७३ व १८९४ च्या नमुन्यांमुळे ती अमेरिकेत घराघरांत पोहोचली. हॉलीवूडच्या काउबॉयच्या हातात दिसते ती हीच. नळी आखूड असली की तिला कार्बाइन म्हणतात. अमेरिकेत घराच्या रक्षणासाठी आजही काही जण ती निवडतात. हलकी, आटोपशीर आणि अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी असलेल्या राज्यांतही चालणारी, ही त्यामागची कारणे. तिची काडतुसे बहुधा नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. त्यामुळे नेहमीच्या टोकदार गोळ्या तिच्यात वापरत नाहीत. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटून आतच स्फोट होण्याचा धोका असतो. म्हणून बोथट टोकाच्या गोळ्या वापरल्या जातात.

भारतात ही बंदूक हाताने चालणारी म्हणून अर्धस्वयंचलित ठरत नाही. बोअर निषिद्ध नसेल तर कायद्याने तिला थेट मनाई नाही. अडचण बाजाराची आहे. सामान्य नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. नामवंत नेमबाजांना मिळणारी सवलत वेगळी. सरकारी आयुध कारखान्यांच्या नागरी यादीत लिव्हर ॲक्शन नाही. त्यामुळे येथे ती दिसलीच तर जुन्या परवान्यांवर हस्तांतरित होत आलेली, दुर्मीळ आणि महाग. तिचे सुटे भाग आणि काडतुसे मिळवणे हे वेगळेच दुखणे.

मग सामान्य परवानाधारकापुढे पर्याय कोणते?

कायदा बोअरनुसार दोन मुख्य गट करतो : निषिद्ध आणि अनिषिद्ध. ९ मिमी पिस्तूल, .३८ रिव्हॉल्व्हर, .३०३ रायफल अशी लष्कर-पोलिसांची काडतुसे वापरणारी शस्त्रे निषिद्ध गटात येतात. तो परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असून अगदी अपवादाने मिळतो. अनिषिद्ध गटात .३२ रिव्हॉल्व्हर व पिस्तूल, .२२, .३१५ रायफल आणि बारा बोअर ही नेहमीची नावे. आयुध कारखान्यांनी २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे महिलांसाठी म्हणून गाजलेले .३२ रिव्हॉल्व्हर, कोसीपूरचे ‘अशनी’ पिस्तूल, ईशापूरची .३१५ रायफल, तिरुचिरापल्लीची बारा बोअर पंप ॲक्शन ही त्यातली काही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. तेव्हापासून ही शस्त्रे त्या कंपन्यांच्या नावे विकली जातात.

घराच्या रक्षणासाठी विचार करताना शस्त्राच्या ताकदीइतकाच वस्तीचाही विचार करावा लागतो. .३१५ किंवा लिव्हर ॲक्शनमधील .३०-३० या रायफलींची गोळी सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगाने सुटते. ती लाकडी दार, पत्रा, पातळ विटांची भिंत यांवर थांबेलच असे नाही आणि मोकळ्यावर एक किलोमीटरपलीकडेही जीवघेणी ठरू शकते. गल्लीची रुंदी आठ-दहा फूट आणि समोरच्या घरात माणसे झोपलेली, अशा जागी रायफलीची चुकलेली गोळी शेजाऱ्याच्या घरात शिरते. बारा बोअरच्या छऱ्र्यांचा परिणामकारक पल्ला साधारण ३५-४० मीटर असतो आणि त्यापुढे त्यांची ताकद झपाट्याने ओसरते. म्हणून दाट वस्तीत रायफलीपेक्षा ती कमी धोक्याची मानली जाते. पण कमी धोक्याची म्हणजे बिनधोक नव्हे. खोलीच्या अंतरावर मोठे छर्रेही पातळ भिंत भेदतात. रिव्हॉल्व्हर हाताळायला सोपे वाटते, पण घाबरलेल्या हाताने त्याचा नेम साधणे सर्वांत अवघड. नियमित सरावाखेरीज ते उपयोगाचे नाही आणि सरावासाठी जवळ शूटिंग रेंज हवी.

काडतुसांचे गणित काय?

‘बारा बोअर’ हे नाव वजनावरून आले आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यातील एका गोळीचा जो व्यास होईल, तो या नळीचा व्यास, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. तिच्या काडतुसांत छऱ्र्यांचे आकार वेगवेगळे असतात. एलजी, एसजी म्हणजे मोजकेच पण मोठे छर्रे. आकडा वाढत जाईल तसे छर्रे बारीक आणि संख्येने जास्त. काडतूस कोणते, यावर पल्ला आणि आरपार जाण्याची ताकद ठरते. .३२, .३१५ आणि बारा बोअरची नागरी काडतुसे १८६९ पासून चालत आलेल्या पुण्याच्या खडकी येथील कारखान्यात तयार होतात. अकोल्याहून भुसावळकडे जाताना लागणाऱ्या वरणगावच्या आयुध निर्माणीत प्रामुख्याने लष्करासाठीची काडतुसे बनतात.

एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेले असते. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करावी लागते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. वापरलेल्या काडतुसांचा हिशेब मागितला जाऊ शकतो. परवाना ज्या बोअरचा, त्याच बोअरची काडतुसे बाळगता येतात. मित्राच्या बंदुकीची काडतुसे कपाटात सांभाळणेही गुन्हा ठरू शकतो.

घरात शिरलेल्यावर गोळी झाडली तर?

परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, ते चालवण्याची मुभा वेगळ्या कायद्यातून येते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. भारतीय दंड विधानातील कलम ९६ ते १०६ ची ती नवी आवृत्ती. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करता येते, पण आवश्यकतेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही.

मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करता येतो तो मोजक्याच प्रसंगी. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे किंवा स्फोटकांचा वापर, तसेच ज्यातून मृत्यू वा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी, नासधूस वा घुसखोरी, हे ते प्रसंग. दिवसा अंगणातून सायकल उचलून पळणाऱ्या चोराला गोळी घालणे यात बसत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. धोका प्रत्यक्ष घडेपर्यंत थांबण्याची गरज नाही, रास्त भीती पुरेशी आहे. मात्र हा हक्क रक्षणासाठी आहे, सूड घेण्यासाठी नाही. प्रसंग स्वसंरक्षणाचा होता हे दाखवण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावर असते. म्हणजे गुन्हा नोंदला जाणे, शस्त्र जप्त होणे, चौकशी आणि कदाचित अटक हे सारे आधी. निर्दोष सुटका, झालीच तर, नंतर.

जमाव दारात आला असेल तर?

दंगलग्रस्त वस्तीला भेडसावणारा खरा प्रश्न हाच आहे आणि कायद्याने त्याचा विचार केला आहे. जमाव जीव घेण्याच्या इराद्याने चालून आला आणि गोळीबाराखेरीज बचाव शक्य नसेल, तर त्यात निरपराध व्यक्ती जखमी होण्याचा धोका पत्करूनही बचाव करण्याचा हक्क संहितेच्या कलम ४४ मध्ये आहे. कायद्याच्या पुस्तकातील उदाहरणच जमावात मिसळलेल्या लहान मुलांचे आहे. पण हे शेवटच्या क्षणाचे कलम आहे. गच्चीवरून, दूरच्या घोषणा देणाऱ्या गर्दीवर वा पळणाऱ्यांवर झाडलेली गोळी त्यात बसत नाही. व्यवहाराची बाजूही लक्षात घ्यावी लागते. दुनळीत दोनच काडतुसे असतात, जमाव शंभराचा असतो आणि गोळीच्या एका आवाजाने दगडफेकीची दंगल गोळीबाराची होऊ शकते.

परवाना मिळाल्यावर जबाबदारी संपते का?

खरी जबाबदारी तेथूनच सुरू होते. वापरात नसलेले शस्त्र कुलूपबंद ठेवणे आणि मुलांच्या हाती न लागू देणे बंधनकारक आहे. यातच एक पेच आहे. नियमाप्रमाणे कुलपात ठेवलेली बंदूक मध्यरात्री काही सेकंदांत हाती येत नाही आणि उशीखाली भरून ठेवलेली बंदूक घरातल्यांसाठीच धोका बनते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिनेता गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी घुसली, ती मुंबईतील राहत्या घरातच. लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. गैरवापर दिसल्यास परवाना निलंबित वा रद्द होतो. बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे मस्साजोग प्रकरणानंतर चर्चेत आले आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यातील शंभराहून अधिक परवाने प्रशासनाने रद्द केले.

आणि विनापरवाना शस्त्र?

अनिषिद्ध गटातील शस्त्रही परवान्याविना सापडल्यास दोन ते पाच वर्षे कैद आहे. निषिद्ध शस्त्रासाठी किमान शिक्षा सात वर्षे. देशी कट्ट्याबाबत आणखी एक धोका असतो, तो वापरणाऱ्याच्या हातातच फुटू शकतो. ‘बंदूक नको, तलवार तरी ठेवू’ हा विचारही सुरक्षित नाही. तलवार, भाला, मोठ्या पात्याचा सुरा यांचाही शस्त्र कायद्यात समावेश आहे आणि तणावाच्या काळात पोलिसांच्या कारवाईत अशी शस्त्रे बाळगणारे सर्वांत आधी सापडतात.

मग घर सुरक्षित कशाने राहते?

विशिष्ट व्यक्तीला विशिष्ट धोका असेल, सराव असेल आणि घरात ते सांभाळण्याची शिस्त असेल तर परवान्याचे शस्त्र उपयोगी पडू शकते. दंगलीच्या भीतीवर मात्र ते उत्तर ठरत नाही. एका गल्लीने बंदुका घेतल्या की दुसरी गल्लीही अर्ज करते. महाराष्ट्रातील अनुभव वेगळा मार्ग दाखवतो. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस शिपाई आणि दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी त्यात नियमित भेटत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. अकोल्यातही सणांपूर्वी शांतता समितीच्या बैठका होतात. त्या केवळ सणापुरत्या न राहता गल्लीगल्लीत वर्षभर चालल्या, अफवांची खातरजमा करणारा शेजारी नावानिशी ठाऊक असला आणि ११२ वर केलेल्या फोनला पोलीस वेळेत धावून आले, तर बंदुकीच्या अर्जांची गरजच कमी होईल. धमकी आली असल्यास तिची लेखी तक्रार नोंदवून पोच घेणे, ही पहिली पायरी. पुढे परवान्यासाठी अर्ज करायचा झाला, तरी तोच कागद पहिला पुरावा ठरतो.